अलामोच्या तटावर कोण उभं राहणार?

ऐतिहासिक चित्रपटाची घोषणा झाली की पहिला वाद नटावरून पेटतो. पटकथा कुणी वाचलेली नसते, एकही प्रसंग चित्रित झालेला नसतो. पण पोस्टरवर चेहरा दिसला की 'शोभतो' आणि 'शोभत नाही' असे दोन पक्ष पडतात. प्रेक्षकांचा तो हक्कच आहे. ज्याची गोष्ट लहानपणापासून ऐकली, त्याला आता दोन-अडीच तास एका परक्या माणसाच्या देहात पाहायचं असतं. पण हा वाद बहुतेक वेळा नाकडोळ्यांपाशी आणि उंचीपाशी अडकतो आणि खरे प्रश्न बाजूला राहतात. तो माणूस त्या दिवशी किती वर्षांचा होता? नटाचा आधीचा लौकिक भूमिकेच्या आड येतो का? आणि तटापलीकडच्या माणसांसाठी नट शोधताना कुणी तितकीच मेहनत घेतली का?

हे प्रश्न तपासायला टेक्सासमधल्या अलामोच्या लढाईइतकं सोयीचं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. सरहद्दीवरची ही लढाई १९५५ ते २००४ या पन्नास वर्षांत निदान पाच वेळा पडद्यावर आली. गोष्ट तीच, माणसं तीच. दर वेळी चेहरे नवे. पात्रनिवडीत काय जमलं आणि काय फसलं, हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येतं.

लढाईची हकिकत थोडक्यात अशी. टेक्सास तेव्हा मेक्सिकोचा भाग होता आणि तिथे येऊन वसलेल्या अमेरिकनांनी, काही स्थानिक मेक्सिकन घराण्यांना बरोबर घेऊन, बंड पुकारलं होतं. सान अँटोनियो गावाबाहेर एका जुन्या स्पॅनिश मिशनचं आवार होतं, तेच अलामो. २३ फेब्रुवारी १८३६ रोजी मेक्सिकोचा जनरल सांता आना फौज घेऊन गावात उतरला आणि वेढा पडला. तेरा दिवसांनी, ६ मार्चच्या पहाटे, त्याच्या सैनिकांनी शिड्या लावून तट ओलांडला. आत दोनशेच्या आसपास लढवय्ये होते, ते जवळजवळ सगळे मारले गेले. विल्यम ट्रॅव्हिस, जिम बोवी आणि डेव्हिड क्रॉकेट ही आतली तीन मोठी नावं. बाहेर राहिलेला बंडखोरांचा सेनापती सॅम ह्यूस्टन याने २१ एप्रिलला सान हासिंटोला जेमतेम अठरा मिनिटांत सांता आनाचा पराभव केला आणि टेक्सास वेगळा झाला.

आता वयं पाहा. किल्ल्याची कमान असलेला ट्रॅव्हिस २६ वर्षांचा होता. बोवी चाळिशीच्या उंबरठ्यावर, क्रॉकेट ४९ चा. वेढा घालणारा सांता आना ४२ चा आणि ह्यूस्टन ४३ चा. या आकड्यांतच अर्धं नाटक आहे. ट्रॅव्हिस अलाबामात कर्ज करून, बायको आणि मुलं मागे सोडून टेक्सासला आलेला तरुण वकील. बोवीला त्याच्या हुकमाखाली राहणं रुचेना. स्वयंसेवकांनी बोवीला निवडलं, नियमित सैनिक ट्रॅव्हिसकडे राहिले, आणि शेवटी दोघांनी मिळून कमान सांभाळायची असं ठरलं. वेढा पडल्यावर लगेच बोवी आजाराने अंथरुणाला खिळला आणि सगळा भार त्या २६ वर्षांच्या माणसावर आला. हे वय पडद्यावर दिसलं नाही तर बोवीची नाराजी कळत नाही आणि ट्रॅव्हिसची घाई, ताठा, मोठमोठ्या शब्दांची हौस यांतलं काहीच कळत नाही. पन्नाशीतल्या माणसाने तीच भाषा केली तर ती राजकारण्याची वाटते. सव्विशीतल्या पोराने केली तर पोटात कालवतं, कारण मरण म्हणजे काय हे त्याला नुकतंच उमगू लागलेलं असतं.

चेहऱ्याचं म्हणाल, तर अलामोच्या वीरांचे चेहरे नीट माहीतच नाहीत. छायाचित्रणाची कला जगासमोर आली १८३९ मध्ये, म्हणजे लढाईनंतर तीन वर्षांनी. ट्रॅव्हिसचं एक रेखाटन आहे, तेही खात्रीने त्याचंच म्हणता येत नाही. बोवीचं एक तैलचित्र आहे. क्रॉकेटची मात्र बरीच चित्रं आहेत आणि त्यांपैकी एकाची गोष्ट पात्रनिवडीच्या चर्चेत सांगितलीच पाहिजे.

क्रॉकेट टेनेसीतून निवडून आलेला, वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीगृहात बसणारा राजकारणी. त्याच्या हयातीतच, १८३१ मध्ये, 'द लायन ऑफ द वेस्ट' हे नाटक रंगभूमीवर आलं. त्यातला निमरॉड वाइल्डफायर हा रानवट, बढाईखोर शिकारी क्रॉकेटवरूनच बेतलेला आहे, हे प्रेक्षक ओळखून होते. जेम्स हॅकेट हा नट डोक्यावर रानमांजराच्या कातड्याची टोपी घालून ती भूमिका करी. १८३३ मध्ये वॉशिंग्टनला प्रयोग असताना खुद्द क्रॉकेट नाट्यगृहात येऊन बसला. हॅकेटने रंगमंचावरून त्याला झुकून अभिवादन केलं, क्रॉकेटने जागेवर उठून तसंच प्रत्युत्तर दिलं आणि नाट्यगृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्याच वर्षी जॉन गॅड्सबी चॅपमन या चित्रकारासमोर तो बसला तेव्हा त्याने शिकाऱ्याचे कपडे आणि बंदूक मागवली, कुत्रीही जमवली. आधीच्या चित्रांत आपण धर्मोपदेशकासारखे दिसतो, ही त्याची तक्रार होती. या चित्रात त्याच्या हातात साधी फेल्टची हॅट आहे, कातड्याची टोपी नाही.

म्हणजे क्रॉकेटची भूमिका करणारा पहिला नट क्रॉकेट जिवंत असतानाच आला, आणि नंतर क्रॉकेटलाच स्वतःच्या त्या प्रतिमेला शोभेल असं वागावं लागलं. त्याची भूमिका घेणाऱ्या नटापुढचं खरं काम हे आहे. लोकांनी आपल्यातून एक पात्र बनवलंय, ते आपल्याहून मोठं झालंय, आणि आता मृत्यूच्या दारात उभे असताना दोनशे माणसं त्या पात्राकडेच आशेने पाहताहेत, हे जाणणारा माणूस त्याला दाखवायचा आहे.

वॉल्ट डिस्नेला अशा माणसाची गरज नव्हती. त्याला लहान मुलांसाठी दूरचित्रवाणीवर सरळ, सज्जन नायक हवा होता. १९५४ चा 'देम!' हा राक्षसी मुंग्यांचा सिनेमा त्याने मुद्दाम पाहिला, त्यातल्या जेम्स आर्नेसला पारखायला. पण डोळ्यांत भरला तो त्याच सिनेमातल्या छोट्याशा भूमिकेतला फेस पार्कर. पार्कर उंच, संथ बोलणारा आणि विश्वास बसावा असा होता. १९५५ मध्ये क्रॉकेट म्हणून तो अलामोच्या तटावर बंदूक उलटी धरून लढला आणि अमेरिकेतल्या पोरांच्या डोक्यावर कातड्याच्या टोप्या दिसू लागल्या. हॅकेटची रंगमंचावरची टोपी शतकभराने अशी घरोघर पोचली. पार्करची निवड मला चुकीची वाटत नाही. त्या कामासाठी तो नेमका होता. फक्त ते काम खऱ्या क्रॉकेटचं नव्हतं.

त्याच वर्षी रिपब्लिक स्टुडिओचा 'द लास्ट कमांड' आला. आज तो फारसा कुणी पाहत नाही. त्यातला बोवी म्हणजे स्टर्लिंग हेडन, ३९ वर्षांचा, धिप्पाड, डोळ्यांत थकवा असलेला. ही निवड फार चांगली होती. क्रॉकेट म्हणून आलेला अर्कान्सासचा आर्थर हनिकट हा तारा नव्हता, चरित्रनट होता. दाढीचे खुंट, घोगरा आवाज, सीमेवरच्या माणसाचा ओबडधोबड मिश्कीलपणा. कुणाला तरी मोठं दाखवायचंय असं ओझं त्याच्यावर नव्हतं, म्हणूनच तो खरा वाटतो. पण त्याच चित्रपटात ट्रॅव्हिस आहे चाळिशी ओलांडलेला रिचर्ड कार्लसन. तिथे सगळं सपाट होतं: दोन प्रौढ माणसं मतभेद मिटवताहेत, एवढंच उरतं.

मग जॉन वेन. अलामोवर सिनेमा काढायचं त्याच्या मनात कित्येक वर्षं होतं. दिग्दर्शन स्वतः करायचं आणि पडद्यावर ह्यूस्टनच्या छोट्या भूमिकेत दिसून बाजूला व्हायचं, असा त्याचा बेत. पैसा लावणाऱ्यांना ते मान्य नव्हतं. वेन मुख्य भूमिकेत नसेल तर तिकिटं कोण घेणार? म्हणून तो क्रॉकेट झाला आणि ह्यूस्टन रिचर्ड बूनकडे गेला. निर्माता, दिग्दर्शक, नायक अशा तिन्ही जबाबदाऱ्या घेऊन त्याने टेक्सासात ब्रॅकेटव्हिलजवळ अलामोचा अख्खा सेट उभारला आणि १९६० मध्ये चित्रपट लावला. वयाचा हिशेब इथे चुकत नाही. शूटिंगच्या वेळी वेन ५२ चा होता, क्रॉकेटपेक्षा जेमतेम तीन वर्षांनी मोठा. चुकतं ते दुसरंच. वेनच्या चेहऱ्यावर तोवर वीस वर्षांचे विजय साचलेले होते. खरा क्रॉकेट १८३५ ची निवडणूक हरून, जमीन आणि नवं राजकारण शोधत टेक्सासला आला होता. सैन्यभरतीच्या शपथपत्रावर सही करताना त्याने भावी सरकारच्या उल्लेखात 'प्रजासत्ताक' हा शब्द घालायला लावला, कारण मागाहून कुणाच्या हुकूमशाहीला बांधून घ्यायची त्याची तयारी नव्हती. पराभवातून सावरू पाहणारा, शब्द तोलून वापरणारा माणूस होता तो. वेन पडद्यावर आला की हरणं या माणसाला ठाऊक आहे यावर विश्वासच बसत नाही. तो प्रजासत्ताकावर बोलतो तेही आधीच जिंकलेल्या माणसाच्या आवाजात.

त्याच चित्रपटात लॉरेन्स हार्वेला ट्रॅव्हिस केलं म्हणून बरीच नाकं मुरडली गेली. लिथुआनियात जन्मलेला, दक्षिण आफ्रिकेत वाढलेला, इंग्लंडच्या रंगभूमीवर घडलेला हा नट अमेरिकेच्या दक्षिणेतला वकील कसा होणार? उच्चारांबद्दलची तक्रार खरी आहे. पण त्या चित्रपटातली सर्वांत बरोबर निवड मला हार्वेचीच वाटते. तो तेव्हा तिशी नुकतीच ओलांडत होता. वेन आणि बोवी झालेला रिचर्ड विडमार्क या दोन धटिंगणांसमोर तो ताठ मान करून, कडक इस्त्रीच्या कपड्यांत उभा राहतो आणि कुणालाच आवडत नाही. ट्रॅव्हिसही सहकाऱ्यांना फारसा आवडत नव्हता. परकेपणा नटाकडून आयता मिळाला आणि भूमिकेला तोच हवा होता.

१९८७ चा दूरचित्रवाणीपट या आढाव्यातलं सर्वांत बोलकं उदाहरण आहे. त्यात बोवी झाला जेम्स आर्नेस, ज्याला डिस्ने तेहतीस वर्षांपूर्वी पारखायला गेला होता तोच; आता ६३ वर्षांचा. क्रॉकेट होता ब्रायन कीथ, ६५ चा. दोघेही उत्तम नट, प्रेक्षकांचे लाडके. पण त्यांच्या देहबोलीत निवृत्तीचं समाधान आहे. ज्यांच्यापुढे अजून आयुष्य होतं अशा माणसांनी ते पणाला लावलं, ही अलामोची गोष्ट. आयुष्य जगून झालेल्यांनी प्राण दिले तर ती वेगळी, बरीच सोपी गोष्ट होते. गंमत म्हणजे याच पटात ट्रॅव्हिसला २८ वर्षांचा अ‍ॅलेक बाल्डविन मिळाला, अगदी योग्य वयाचा. आणि शेजारच्या दोन आजोबांमुळे तो नातवासारखा दिसू लागला. पात्रनिवड सुटी सुटी करून चालत नाही, ती एकमेकांच्या शेजारी उभं करूनच करावी लागते.

हे भान २००४ च्या 'द अलामो'मध्ये आहे. आधी रॉन हॉवर्ड दिग्दर्शन करणार होता आणि ह्यूस्टनसाठी रसेल क्रोचं नाव होतं. खर्चावरून आणि हिंसा किती दाखवायची यावरून स्टुडिओशी बिनसलं आणि दिग्दर्शन टेक्सासच्याच जॉन ली हॅनकॉककडे आलं. ट्रॅव्हिस झाला पॅट्रिक विल्सन, तिशीच्या आतबाहेरचा, मोठ्या पडद्यावर जवळजवळ अनोळखी. बोवी जेसन पॅट्रिक, छत्तीस-सदतीसचा, कमी बोलणारा. क्रॉकेट बिली बॉब थॉर्नटन, ४७ चा, अर्कान्सासमध्ये वाढलेला, त्यामुळे दक्षिणेची बोली त्याला शिकावी लागली नाही. तिघांची वयं एकमेकांशी आणि इतिहासाशी जुळतात, आणि त्याचा फायदा प्रत्येक प्रसंगात दिसतो.

हा क्रॉकेट चित्रपटाच्या सुरुवातीलाच ते नाटक पाहायला जातो. हॅकेटचं अभिवादन, त्याचं प्रत्युत्तर सगळं येतं. आपण ज्याला पाहणार आहोत तो आपल्याच नक्कलेशी झुंजणारा माणूस आहे, हे तिथेच कळतं. पुढे वेढ्यातला एक प्रसंग आहे. रोज संध्याकाळी मेक्सिकन बँड 'कुणालाही सोडणार नाही' असं सांगणारी देग्वेयोची धून वाजवतो आणि मागोमाग तोफा सुरू होतात. एका संध्याकाळी क्रॉकेट फिडल घेऊन तटावर चढतो आणि त्या धुनेत आपले सूर मिसळतो. थॉर्नटन इथे शूराचा आव आणत नाही. सुरुवातीला तो किंचित अवघडलेला आहे, लोक बघताहेत हे त्याला ठाऊक आहे, बँड पुढे कुठे जाईल याचा कानोसा घेत तो बो फिरवतो. सूर जुळले की चेहऱ्यावर येतो तो आनंद वाजवणाऱ्याचा, योद्ध्याचा नाही. दोन्हीकडची माणसं थांबून ऐकतात. क्रॉकेटच्या आधीच्या अवतारांपैकी कुणालाही हा क्षण जमला नसता. पार्कर फार निरागस होता आणि वेन फार निश्चिंत.

शेवटचा वादही याच निवडीमुळे पेलला. होसे एनरिके दे ला पेन्या या मेक्सिकन अधिकाऱ्याच्या आठवणींत क्रॉकेट लढताना मेला नाही, पकडला गेला आणि सांता आनाच्या हुकमाने मारला गेला, असं आहे. त्या कागदांवरून टेक्सासमध्ये रणं माजली. हॅनकॉकने तोच शेवट घेतला. गुडघ्यांवर बसवलेला क्रॉकेट विजेत्या सेनापतीलाच शरण यायला सांगतो. हे दृश्य वेनच्या वाट्याला आलं असतं तर निर्मात्यांना ते झेपलं नसतं आणि प्रेक्षकांनाही.

पण खरं तेही सांगायला हवं. या चित्रपटावर दहा कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला आणि जगभरातून तीन कोटींचीही कमाई झाली नाही. त्या अपयशाला कारणं अनेक आहेत: लांबलेलं प्रदर्शन, कापाकापी, वाढलेली उदासी. तरी वेनच्या वेळी पैसेवाल्यांनी धरलेला हट्ट निव्वळ मूर्खपणाचा नव्हता, हे यातून दिसतं. अनोळखी ट्रॅव्हिसच्या नावावर तिकीटबारी चालत नाही. मला वाटतं, उत्तर थॉर्नटनच्या निवडीत आहे. ज्या भूमिकेला लौकिक पेलता येतो, किंवा लौकिक हाच जिचा विषय आहे, तिथे नावाजलेला नट घ्यावा. ज्या भूमिकेचा प्राण तिचं वय आहे, तिथे नाव शोधू नये.

आफ्रिकेतल्या सरहद्दीवरचा 'झुलू' (१९६४) हेच वेगळ्या रीतीने सिद्ध करतो. २२ आणि २३ जानेवारी १८७९ ला रॉर्क्स ड्रिफ्ट या ठाण्यावर दीडशेच्या आसपास ब्रिटिश सैनिकांनी हजारो झुलूंना थोपवलं. तिथला कमांडर चार्ड ३१ चा, ब्रॉमहेड ३३ चा. चित्रपटात स्टॅनली बेकर ३५ आणि मायकल केन ३० वर्षांचे. केन मुळात एका साध्या सैनिकाच्या, हेन्री हुकच्या भूमिकेसाठी गेला होता. ती आधीच दुसऱ्याला दिलेली होती. लंडनच्या मासळीबाजारातल्या हमालाच्या या मुलाला खानदानी अधिकारी करायचं धाडस साय एंडफील्ड या अमेरिकन दिग्दर्शकाने केलं. इंग्रज दिग्दर्शकाच्या कानाला ते सहसा सुचलं नसतं. केनने शिष्टपणा इतका अचूक पकडला की तिथून त्याची कारकीर्दच सुरू झाली.

तिथला कलर सार्जंट बोर्न मात्र माझ्या मताला अडचणीत आणतो. खरा फ्रँक बोर्न २४ वर्षांचा, बुटका. सोबती त्याला 'पोरगा' म्हणत. निवडला गेला नायजेल ग्रीन: सहा फुटांहून उंच, गलमिशांचा, चाळिशीला टेकलेला. सगळंच चुकीचं. तरी एक भेदरलेला कोवळा सैनिक 'आपणच का?' असं विचारतो, आणि हा पहाडासारखा माणूस आवाज न चढवता, आपण इथे आहोत म्हणून, दुसरं कुणीच नाही म्हणून, एवढंच सांगतो, तेव्हा त्याच्या जागी दुसरा कुणी सुचत नाही. मी ते नाकारणार नाही. पण त्यामुळे गेलं काय, तेही पाहावं: त्या पोरसवद्यांना धीर देणारा त्यांच्याच वयाचा होता, ही गोष्ट कायमची पुसली गेली. हुकच्या बाबतीत तर अन्यायच झाला. निर्व्यसनी, नेकीने वागणारा, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा माणूस पडद्यावर दारुडा कामचुकार झाला. त्याच्या मुली पहिल्या खेळातून उठून गेल्या असं सांगतात.

आणि झुलू राजा सेट्शवायो? ती भूमिका केली मंगोसुथु बुथेलेझी यांनी, जे त्या राजाचे आईकडून पणतू होते आणि पुढे इन्काथाचे नेते म्हणून जगाला माहीत झाले. वयाने ते राजापेक्षा बरेच लहान होते. तिथे मला वयाची खंत वाटत नाही. पराभूतांच्या बाजूची एक भूमिका तरी त्यांच्याच रक्ताच्या माणसाकडे गेली, हे १९६४ साली विरळा होतं.

कारण अमेरिकेत नेमकं उलट चाललेलं होतं. न्यूयॉर्कचा आयरिश वंशाचा जे. कॅरल नेश १९५४ मध्ये लाकोटांचा नेता सिटिंग बुल झाला आणि १९५५ मध्ये 'द लास्ट कमांड'मध्ये सांता आना. दोन्ही ठिकाणी त्याची पात्रता एकच: तो काळवंडलेला मेकअप आणि परक्या उच्चारांत तरबेज होता. लाकोटांचाच दुसरा नेता क्रेझी हॉर्स याचं एकही खात्रीचं छायाचित्र नाही. त्या रिकाम्या जागेत हॉलिवूडने १९४१ मध्ये मेक्सिकोत जन्मलेला अँथनी क्विन बसवला, १९५५ मध्ये इटालियन वंशाचा व्हिक्टर मच्युअर. लाकोटांशी लढलेल्या कस्टरची मात्र ढीगभर छायाचित्रं असल्यामुळे त्याच्या मिशा आणि केस दर वेळी हुबेहूब. १९९१ मध्ये ओमाहा जमातीचा रॉडनी ग्रँट क्रेझी हॉर्स झाला, १९९६ मध्ये क्री वंशाचा मायकल ग्रेआइज. पन्नास वर्षं लागली.

शत्रूला म्हातारा करायची खोडही जगभरची आहे. सांता आना ४२ चा होता: देखणा, दिमाखदार, स्वतःला पश्चिमेचा नेपोलियन समजणारा. नेश ५९ चा होता. २००४ चा एमिलियो एचेवारिया ५८ चा. एचेवारिया मेक्सिकोचाच, मोठा नट, आणि त्या चित्रपटात मेक्सिकन अधिकारी आपसात स्पॅनिशच बोलतात ही मोठी सुधारणा; तरी वयामुळे तो कावेबाज म्हातारा वाटतो. भरात आलेला तरुण हुकूमशहा अधिक भीतिदायक असतो, हे १९८७ मध्ये राउल हुलियाने ४६ व्या वर्षी दाखवून दिलं होतं.

आपल्याकडचं 'पानिपत' (२०१९) आठवा. १७६१ च्या जानेवारीत सदाशिवरावभाऊ तिशीतले आणि अहमदशाह अब्दाली चाळिशीच्या आतबाहेरचा. दोघांत फार तर दहा वर्षांचं अंतर. चित्रपटात अर्जुन कपूर ३४ चा आणि संजय दत्त साठीचा. दोन तुल्यबळ, महत्त्वाकांक्षी तरुण सेनापतींची टक्कर एका पोराची आणि एका राक्षसाची झाली. भाऊंच्या चुका आणि अब्दालीची हुशारी, दोन्ही त्यात हरवतात. पावनखिंड तर अलामोच्या फार जवळची घटना. १३ जुलै १६६० ला शिवाजी महाराज ३० वर्षांचे होते, ही गोष्ट किती जणांच्या मनात असते? भालजी पेंढारकरांच्या चित्रपटातल्या चंद्रकांत मांढरे यांच्यापासून दिग्पाल लांजेकरांच्या चित्रपटमालिकेतल्या चिन्मय मांडलेकर यांच्यापर्यंत आपण महाराजांना भारदस्त, प्रौढ राजाच्या रूपात पाहत आलो. त्या नटांच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. चेहऱ्याच्या अस्सलपणाची आस्थाही आपल्याकडे मोठी: वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचं अस्सल चित्र पुढे आणलं, तोवर भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून घराघरात लागलेलं होतं. त्या चित्राबरहुकूम नाक आणि दाढी जुळवायला आपण शिकलो. पन्हाळ्याहून पावसात निघालेला तीस वर्षांचा राजा, बाजीप्रभूंना मागे ठेवून जायचा निर्णय ज्याला घ्यावा लागतो, तो अजून पडद्यावर यायचा आहे.

सारागढीबद्दल एवढंच. १२ सप्टेंबर १८९७ ला वायव्य सरहद्दीवर ३६ व्या शीख पलटणीचे एकवीस जण लढता लढता पडले. एकवीसही जणांना इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट मिळालं. 'केसरी'त सगळा भार एका अक्षय कुमारवर आहे, बाकीचे वीस पाठीमागे. ताऱ्याच्या प्रकाशात दुय्यम भूमिका दिसेनाशा होतात, हा निवडीचाच भाग आहे.

अलामोत अशा दोन भूमिका आहेत. एक जो, ट्रॅव्हिसचा गुलाम, विशीतला. ट्रॅव्हिस उत्तरेच्या तटावर कसा पडला हे जगाला त्याच्या साक्षीतून कळलं. ज्या टेक्सासच्या स्वातंत्र्यासाठी त्याचा मालक मेला, त्यात जो गुलामच राहिला. सान हासिंटोच्या पहिल्या वर्षदिनी, २१ एप्रिल १८३७ ला, तो पळून गेला. वेनच्या चित्रपटात गुलाम म्हणून लक्षात राहतो तो जेथ्रो: वयस्कर, बोवीने मुक्त केल्यावरही त्याच्यासाठी मरणारा, पूर्ण कल्पित. २००४ मध्ये एडविन हॉज हा किशोरवयातून नुकताच बाहेर पडणारा मुलगा जो झाला, आणि त्याच्या नजरेतला अविश्वास ही त्या चित्रपटातली मोलाची गोष्ट आहे.

दुसरा हुआन सेगीन. सान अँटोनियोच्या प्रतिष्ठित मेक्सिकन घराण्यातला, बंडात टेक्सासच्या बाजूने उभा राहिलेला, २९ वर्षांचा कॅप्टन. निरोप घेऊन अलामोबाहेर पडला म्हणून वाचला, सान हासिंटोला लढला, आणि १८३७ मध्ये अलामोच्या मृतांची राख पुरण्याचा विधी त्यानेच केला. पुढे आपल्याच गावाचा महापौर असताना नवागत अमेरिकनांनी त्याला गद्दार ठरवलं. १८४२ मध्ये तो मेक्सिकोत पळाला आणि नंतर मेक्सिकोच्या बाजूने लढला. अलामोच्या सगळ्या माणसांत इतकी गुंतागुंतीची भूमिका दुसरी नाही. वेनने ती ६२ वर्षांच्या जोसेफ कॅलिया या माल्टाच्या नटाला दिली. २००४ मध्ये ती बार्सिलोनाच्या जोर्डी मोलाकडे गेली, वयाने बराच जवळचा पण बोलीने समुद्रापलीकडचा. १९८२ मध्ये हेसुस साल्वादोर त्रेविन्योने अमेरिकन दूरचित्रवाणीसाठी 'सेगीन' केला, त्यात ए मार्टिनेझ हा मेक्सिकन वंशाचा अमेरिकन नट नायक होता आणि एडवर्ड जेम्स ओल्मोस सांता आना. कमी पैशांत, मोजक्या माणसांत केलेलं ते काम मोठ्या स्टुडिओंनी पाहूनही पुढे नेलं नाही.

अलामोवर पुन्हा चित्रपट होईल तेव्हा निवड क्रॉकेटपासून सुरू करू नये, सेगीनपासून करावी. सान अँटोनियोच्याच परिसरातला, दोन्ही भाषा घरात बोलणारा, तिशीच्या आतला नट आधी शोधावा. राख पुरतानाचं भाषण आणि पाच वर्षांनी गाव सोडणं, हे दोन्ही त्याला एकाच चेहऱ्याने करता यायला हवं. तो सापडला की त्याच्याशेजारी पन्नाशीचा ट्रॅव्हिस उभा करायची कुणाची छातीच होणार नाही.